राजवाड्यांतील कचेरी आणि दिव्याचा प्रश्न

राजवाडा राजासाठीं बांधला जातो, आणि पुढें कधींतरी त्यांत कारकून येऊन बसतो, हा इतिहासाचा इतका नेहमींचा प्रघात आहे कीं, त्याबद्दल आश्चर्य वाटण्याचें आतां कारण उरलेलें नाहीं. फ्लॉरेन्स शहरांतील ज्या जुन्या राजवाड्याची उभारणी १२९९ सालीं सुरू झाली आणि ज्यांत १५४० पासून कोझिमो मेदिची हा राहूं लागला, त्या पालाझो वेक्कियोंत आज शहराच्या महापौराची कचेरी आहे. पणजी येथील आदिलशहाचा म्हणून ओळखला जाणारा वाडा पोर्तुगीजांच्या हातीं गेला, १७५९ पासून १९१८ पर्यंत त्यांत त्यांचे व्हाइसरॉय व गव्हर्नर राहिले, आणि पुढें त्याचें सचिवालय झालें; गोवा मुक्त झाल्यावर तेथील विधानसभाही इ. स. २००० पर्यंत त्याच वाड्यांत भरत असे. बडोद्याच्या गायकवाडांसाठीं लुटियन्स यानें दिल्लींत आंखलेल्या वाड्यांत उत्तर रेल्वेची मुख्य कचेरी आहे. पुण्याच्या विश्रामबागवाड्याची कथा तर आपल्या घरचीच. दुसऱ्या बाजीरावानें १८०७ च्या सुमारास मोठ्या हौसेनें बांधविलेला हा वाडा. पेशवाई बुडाल्यावर १८२१ सालीं त्यांत संस्कृत पाठशाळा निघाली, आणि तीच पुढें डेक्कन कॉलेजचें मूळ ठरली. १८७९ सालीं त्याचा दर्शनी भाग आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला व पुन्हा उभा राहिला. नंतर पुणें नगरपालिकेच्या कचेऱ्याही कांहीं काळ त्यांतच होत्या.

याच्या उलट प्रकारही इतिहासानें करून ठेवला आहे. त्याच कोझिमोनें आपल्या राज्यकारभाराचीं निरनिराळीं खातीं एका छपराखालीं आणण्यासाठीं वाझारी याजकडून १५६० सालीं एक लांबलचक इमारत बांधावयास घेतली. तिला लोक "उफित्सी", म्हणजे नुसतें "कचेऱ्या", असें म्हणूं लागले. आणि आज त्या कचेऱ्यांत बॉटिचेल्लीचीं चित्रें पाहावयास साऱ्या जगांतून माणसें येतात. तेव्हां इमारतीचा धर्म जन्मानें ठरत नाहीं, एवढें तरी खरें.

पण कारकून राजवाड्यांत येऊन बसला म्हणजे एक लहानसा दिसणारा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचाच विचार येथें करावयाचा आहे. वाड्याचा जीर्णोद्धार पुरा झाला. कुजलेल्या तुळया बदलल्या, खांबांवरचे रंगाचे थर खरवडून मूळचें सागवान उघडें केलें, छतावरची नक्षी निर्मळ केली. आतां त्यांत दिवे कोठें लावावयाचे आणि मेजें कशीं मांडावयाचीं? सामान्यतः ही बाब कंत्राटदारावर सोंपविली जाते. वास्तुशास्त्रज्ञ तिला सौंदर्याची बाब समजतो, हिशेबनीस खर्चाची समजतो, आणि दोघांचा वाद मिटेपर्यंत तारा भिंतींवरून लोंबत राहतात. माझ्या मतें ती प्रथमतः नीतीची बाब आहे. दिवा लावणें म्हणजे कोणी दिसावें, कोणाला दिसावें आणि कोणीं अंधारांत राहावें हें ठरविणें होय.

जुन्या राजवाड्यांत हें ठरविण्याचें काम फार विचारपूर्वक झालेलें असे. व्हर्साय येथील आरसेमहाल १६८४ सालीं पुरा झाला. त्यांत बागेकडील सतरा खिडक्यांसमोर सतरा कमानी आहेत आणि त्या कमानींत ३५७ आरसे बसविलेले आहेत. दिवसां बागेंतला उजेड आणि रात्रीं मेणबत्त्यांचा उजेड त्या आरशांत दुणावून राजाच्या भोंवतीं खेळावा, हा त्यांतला हेतु. ज्या काळीं सामान्य माणूस सूर्य मावळल्यावर अंथरूण धरीत असे त्या काळीं रात्रीचा उजेड हीच एक संपत्ति होती, आणि ती उधळून दाखविणें हा राजवैभवाचा एक प्रकार होता. आपल्याकडेही हंड्या आणि झुंबरें दिवाणखान्यांत, आणि जिन्यांत व मुदपाकखान्यांत पणती, हीच वांटणी. स्वारीपुढें मशाल घेऊन धांवणाऱ्या मशालजीच्या हातांत सारा उजेड असे, पण त्या उजेडांत पाहिलें जाई तें पालखींतील मुख. राजवाड्याची वास्तु अशी विषम प्रकाशानेंच घडलेली असते. सिंहासन उजळ, अर्जदार छायेंत, आणि ज्याच्या बोरूवर राज्य चाले तो कारकून कोपऱ्यांतल्या समईशीं वांकलेला.

आजच्या कचेरीचा धर्म याच्या अगदीं उलट आहे. तेथें प्रत्येक मेजाला सारखा उजेड हवा. उजेड मोजण्याचें जें माप शास्त्रज्ञांनीं ठरविलें आहे त्याला लक्स म्हणतात. एका मेणबत्तीचा उजेड एक मीटर अंतरावर पडतो तो स्थूलमानानें एक लक्स. लिहिण्यावाचण्याच्या मेजावर ५०० लक्स उजेड असावा असें युरोपांतील प्रमाण सांगतें, आणि आपल्याकडील प्रमाणही त्याच्या आसपासचेंच आहे. म्हणजे एका मीटरावर मांडलेल्या पांचशें मेणबत्त्या! हा चैनीचा हव्यास मात्र नव्हे. विशीतल्या मुलाच्या डोळ्यांतील पडद्यापर्यंत जितका प्रकाश पोंचतो त्याच्या सुमारें एक तृतीयांशच साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत पोंचतो. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना हें शास्त्रज्ञांनीं सांगावें लागणार नाहीं. वर्तमानपत्र घेऊन खिडकीकडे सरकण्याची संवय त्यांस एव्हांना जडलीच असेल.

आतां याच मापानें त्या राजवाड्याच्या भिंतीकडे पाहूं. रेशमी पडदे, किनखाब, जलरंगांतील चित्रें, हस्तलिखितें यांवर ५० लक्सपेक्षां अधिक उजेड पडूं देऊं नये, असें संग्रहालयें सांभाळणारे तज्ज्ञ सांगतात. तैलचित्रांस २०० पर्यंत चालतो. प्रकाशानें रंग विटतात, रेशमाचे धागे ठिसूळ होतात; ही हानि थेंबाथेंबानें सांठत जाते आणि एकदां झाली म्हणजे कोणत्याही उपायानें भरून येत नाहीं. एकाच दालनांत किनखाबाला पन्नास आणि कारकुनाला पांचशें! दोघांचीही मागणी रास्त, आणि दोघेही मुके. किनखाब स्वभावानें, कारकून नोकरीमुळें.

या पेंचांतून सुटण्याची सर्वांत सोपी वाट म्हणजे छतालाच दिव्यांच्या पट्ट्या ठोकून सारें दालन सपाट उजेडानें भरून टाकणें. आणि बहुधा हीच वाट धरली जाते. यांत एकाचें समाधान होऊन दुसऱ्याचा घात होतो असेंही नाहीं, दोघांचाही घात होतो. नक्षीकाम हें तिरकस उजेडासाठीं केलेलें असतें. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी लाकूडकामांतील सुरूचे खांब व केळफुलें घ्या; बाजूनें ऊन आलें म्हणजे प्रत्येक पाकळीला तिची सावली मिळते, आणि त्या सावलीमुळेंच ती पाकळी होते. समोरून झगझगीत दिवा पाडला कीं तेंच लाकूड सांचांतून काढलेल्या पुठ्ठ्यासारखें दिसूं लागतें. जपानी कादंबरीकार तानिझाकी यानें १९३३ सालीं छायेच्या स्तुतिपर एक निबंध लिहून हेंच गाऱ्हाणें मांडलें होतें. सोनेरी वर्खाचें व लाखेचें काम अंधाऱ्या खोलीसाठीं, हलत्या ज्योतीसाठीं जन्मलें. विजेच्या उजेडांत तें भडक ठरतें, असा त्याचा आशय. तानिझाकीशीं मी सर्वस्वीं सहमत नाहीं. छायेचें कौतुक करणाऱ्यानें त्या छायेंत बसून शिवणटिपण करणाऱ्या स्त्रीचेंही मत घ्यावें, असें मला नेहमीं वाटतें. तथापि वस्तूचें रूप आणि ती ज्या उजेडांत घडली तो उजेड यांचें नातें तोडतां येत नाहीं, हें त्याचें म्हणणें खोडून काढणें कठीण आहे.

मेजाखुर्च्यांचीही अशीच गोष्ट आहे, आणि तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. मराठी वाड्यांच्या माडीवरील खिडक्या पुष्कळदां जमिनीपासून वीतदोन वितींवरच सुरू होतात. आजच्या माणसाला हें विचित्र वाटतें. पण गादीवर मांडी घालून, लोडाला टेंकून बसणाऱ्याचा डोळा जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर असतो. वारा आणि उजेड त्याच्या तोंडावर यावा, आणि बसल्या जागीं रस्ता दिसावा, म्हणून ती खिडकी तेथें आहे. तिच्यापुढें खुर्ची-मेज मांडलें कीं डोळा चार फुटांवर चढतो. मग वारा घोट्यांना लागतो, उजेड मेजाच्या खालीं पडतो, आणि त्या खुर्चीवर बसलेला गृहस्थ म्हणतो, "काय हे जुने वाडे, अगदीं काळोखे!" वाडा काळोखा नव्हता, आपण उंच झालों. आतां पुन्हा बैठकीवर बसावें असें मी सुचविणार नाहीं. आमच्या पिढीचे गुडघे तें मान्य करणार नाहींत, आणि यंत्रावर टंकलेखन करणाऱ्या मुलीला मांडी घालून आठ तास बसविणें हें परंपरेच्या नांवाखालीं क्रौर्य होईल. पण वाड्यांत जो अधिक दिवा लावावा लागतो तो वाड्याच्या दोषासाठीं नव्हे, आपल्या खुर्चीसाठीं, एवढी जाणीव असली तरी दिवा लावणाराचा हात जरा बेतानें चालेल.

बेतानें चालण्याचें दुसरें कारण अधिक दारुण आहे. इंग्लंडांत हॅटफील्ड हाऊस या १६११ च्या प्रासादांत लॉर्ड सॉल्झबरी यांनीं १८८१ च्या सुमारास वीज घेतली, तेव्हां लांब दालनाच्या छताजवळील तारा मधूनच पेट घेत आणि घरचीं माणसें उशा फेंकून त्या विझवीत, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. ही हंसण्यावारी नेण्यासारखी. पण २० नोव्हेंबर १९९२ रोजीं विंडसरच्या राजवाड्यांत आग लागली, ती पडद्याला भिडलेल्या एका दिव्यामुळें. तींत शंभरांहून अधिक दालनांची हानि झाली. ब्राझिलांतील रिओ द जानेरो येथें सम्राटांच्या जुन्या प्रासादांत राष्ट्रीय संग्रहालय होतें, तें २ सप्टेंबर २०१८ च्या रात्रीं जळालें आणि दोनशें वर्षांचा संग्रह बव्हंशीं राख झाला. आगीचा उगम हवा थंड करणाऱ्या यंत्रांत असल्याचा निष्कर्ष पुढील चौकशींत निघाला. शत्रूनें नव्हे, सोयीनें जाळलें! जुन्या लांकडांत नवी तार ओढणारानें रात्रीं सुखानें झोंपावयाचें असेल तर ती तार भिंत फोडून दडविण्याचा मोह त्यानें आवरला पाहिजे. ती उघडी, दिसेल अशी, धातूच्या नळींतून न्यावी. डोळ्यांना ती खुपेल. पण खुपणारी तार तपासली जाते, आणि दडविलेली तार विसरली जाते.

येथें एका तात्त्विक वादाकडे वळणें प्राप्त आहे. रस्किनचें मत असें कीं, जीर्णोद्धार हा मुळांत खोटेपणाच होय. १८४९ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें हें फार आवेशानें मांडलें. त्याच्यामागून व्हिएन्नाचा रीगल यानें १९०३ सालीं अधिक शांतपणें विचार केला. जुन्या वास्तूला एक मूल्य तिच्या वयाचें असतें, आणि दुसरें तिच्या उपयोगाचें असतें. हीं दोन मूल्यें एकमेकांशीं भांडतात, आणि त्यांतील एकालाच जिंकूं दिलें तर वास्तु एक तर मोडते, नाहींतर मरते, असा त्याच्या विवेचनाचा रोख आहे. १९६४ सालीं व्हेनिस येथें तज्ज्ञांनीं जी सनद केली तिनें असें सांगितलें कीं, समाजोपयोगी कामासाठीं वापर झाल्यानें वास्तूचें रक्षण सोपें होतें, पण त्या वापरानें तिची मांडणी व तिचा अलंकार बदलूं नये. आणि नवें जें घालाल तें जुन्याशीं सुसंगत असावें, तरी नवें म्हणून ओळखूं यावें. मला या शेवटल्या वाक्याचें मोल फार वाटतें. नव्यानें जुन्याचें सोंग घेऊं नये, हा शिष्टाचार माणसांइतकाच खांबांनाही लागू आहे.

आणि हा शिष्टाचार मोडला जातो तो विशेषतः खुर्च्यांत व झुंबरांत. वाडा मिळाला कीं अधिकाऱ्यांना एकाएकीं इतिहासाचा पुळका येतो. बाजारांतून कोरीव पाठीच्या, सिंहाच्या पंजांच्या खुर्च्या येतात. पितळेचा मुलामा दिलेलीं झुंबरें येतात, आणि त्यांत मेणबत्तीच्या आकाराचे विजेचे दिवे, वर ओघळलेल्या मेणाचीही नक्कल! खुर्चीला सिंहाचे पंजे असले तरी तींत बसणाराला किरकोळ रजेचा अर्ज वरिष्ठाकडेच पाठवावा लागतो, हें तो विसरतो. आणि त्याच्यापुढें उभा राहणारा मनुष्यही विसरतो, ही त्यांतली खरी हानि. साधें, सरळ, आजचें मेज त्या दालनांत ठेवलें तर तें स्पष्ट सांगतें कीं, मी येथें पाहुणा आहें, उद्यां उचलून नेलेंत तर भिंतीला खूणही राहणार नाहीं. उलट नकली सिंहासन सांगतें कीं, मी येथलें धनी आहें. लोकांच्या पैशानें चालणाऱ्या कचेरीनें यांतली कोणती भाषा बोलावी?

पालाझो वेक्कियोंत महापौराची खोली आहे ती क्लेमेंट सातवा या मेदिची पोपच्या नांवाची. तिच्या भिंतीवर वाझारीनें फ्लॉरेन्सचा वेढा रंगविलेला आहे. १५२९-३० सालीं बादशहाच्या व पोपच्या फौजांनीं वेढा घालून ज्या नगरराज्याचें स्वातंत्र्य संपविलें, त्याचीच ही विजयचित्रावळ. लोकांनीं निवडलेला नगराध्यक्ष त्या चित्राखालीं बसून पाणीपट्टीचे आणि रस्त्यांचे कागद पाहतो, हें मला मोठें अर्थपूर्ण वाटतें. चित्र काढून टाकलेलें नाहीं आणि त्याची लाजही वाटून घेतलेली नाहीं. फक्त त्याच्याखालीं मेज मांडलें आहे.

आतां मुख्य पेंचाकडे पुन्हा येऊं. कांहीं रसिक म्हणतात, "छत पांचशें वर्षांचें, कारकुनाची नोकरी तीस वर्षांची, तो निवृत्त होईल, छत राहील, त्यानें थोडें सोसलें तर काय बिघडलें?" युक्तिवाद ऐकण्यास उदात्त आहे, पण तो करणारा स्वतः त्या मेजावर बसणारा नसतो. दुसऱ्याच्या डोळ्यांनीं केलेला त्याग हा त्याग नव्हे. उलट कारकुनाच्या सोयीसाठीं किनखाब विटूं द्यावें, हेंही तितकेंच उथळ. कारण तो कारकून त्याच दालनांत बसला पाहिजे असें कोणत्या शास्त्रांत लिहिलें आहे? हलूं शकतें कोण, हा खरा प्रश्न. माणूस दुसऱ्या खोलींत जाऊं शकतो, पडदा उतरवून पेटींत ठेवतां येतो, रंगविलेलें छत मात्र हलत नाहीं. तेव्हां ज्या दालनाला पन्नासच लक्स सोसतात तें दालन पन्नासांत भागणाऱ्या कामाला द्यावें. बोलण्याला आणि ऐकण्याला उजेड थोडा पुरतो. इटलीची राजधानी फ्लॉरेन्सला होती त्या १८६५ ते १८७१ च्या काळांत तेथील लोकसभा याच पालाझो वेक्कियोच्या मोठ्या दिवाणखान्यांत भरत असे. सभेचें काम त्या दालनाला शोभलेंही आणि झेपलेंही. लिहिण्याचीं मेजें मागच्या साध्या खोल्यांत जावीं, जेथें छतावर कांहीं नाहीं आणि खिडकी मोठी आहे. अडचण एकच. मागची साधी खोली घ्यावयास वरिष्ठ तयार होत नाहीं. नक्षीच्या छताखालीं आपलेंच मेज असावें असें त्याला वाटतें, आणि मग त्याच्या मेजासाठीं तें छत उजेडांत भाजून निघतें.

जेथें माणूस हलविणें खरोखरच शक्य नाहीं तेथें पदार्थविज्ञानांतील एक जुना नियम उपयोगी पडतो. दिवा निम्म्या अंतरावर आणला कीं कागदावरचा उजेड चौपट होतो. वीस फूट उंचीच्या छतावरून मेजावर पांचशें लक्स पाडावयाचे तर सारें दालन प्रकाशांत बुडवावें लागतें. तेच हातभर अंतरावरच्या लहानशा दिव्यानें साधतात, आणि वरचें छत आपल्या संधिप्रकाशांत राहतें. आतांचे एलईडी दिवे फारसे तापत नाहींत, आणि रंगांना विशेष जाचक असे अदृश्य किरणही त्यांतून जवळजवळ निघत नाहींत, तेव्हां ही सोय पूर्वीपेक्षां पुष्कळ निर्धोक झाली आहे. दिवा लिहिणाराच्या शेजारीं, त्याच्या स्वाधीन, हवा तेव्हां लावावा, नको तेव्हां मालवावा. हें कांहीं विलायती तत्त्व नव्हे. समईचाही रिवाज हाच होता.

राहतां राहिला एक माणूस, ज्याचा विचार आराखड्यांत सर्वांत शेवटीं होतो किंवा होतच नाहीं. राजवाडा कारकुनाला मिळाला, अधिकाऱ्याला मिळाला; अर्ज घेऊन येणाऱ्याला काय मिळालें? सातारच्या जुन्या राजवाड्यांत सरकारी हायस्कूल भरत असे. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं तेथें भीमराव आंबेडकर हें नांव दाखल झालें. छत्रपतींच्या वाड्याच्या ज्या चौकांत त्या मुलाच्या वाडवडिलांना पाऊल घालतां आलें नसतें, तेथें तो पाटी घेऊन गेला. वर्गांत त्याला वेगळें बसावें लागे, हेंही त्याच इतिहासाचें अंग आहे. वाड्याचा दरवाजा उघडणें आणि आंत बसावयास जागा देणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

म्हणून सामान मांडावयास घेतलें कीं आरंभ साहेबाच्या मेजापासून न करतां अर्जदाराच्या बाकापासून करावा, असें मला वाटतें. बहुतेक कचेऱ्यांत हें बाक जिन्याखालीं किंवा बोळांत असतें, जेथें आपल्याच हातांतला कागद वाचतां येत नाहीं. वाड्यांत तर त्याच्यासाठीं आयती जागा आहे: चौकाच्या कडेचा सोपा. वरून आभाळाचा उजेड येतो, ओटा रुंद असतो, खांबाला पाठ लावतां येते. बाकें तेथें चौकाकडे तोंड करून मांडावीं, पाठीच्या टेंकणाचीं आणि म्हाताऱ्या माणसाला उठतां येईल इतक्या उंचीचीं. आणि पावसाळ्यांतल्या अंधाऱ्या दुपारीं लावण्यासाठीं प्रत्येक बाकावर एक दिवा असावा, त्याचें बटण शिपायाच्या खोलींत नसून तेथेंच, खांबावर, हाताला लागेल असें.